बार्ब्रोची जोडपावलं

"जिने चढून ये," डॉक्टर म्हणाला. "तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत, दोनदा. दुखायला लागलं की तशीच परत ये. दुखणं सोबत आण म्हणजे झालं."

"तीन वर्षं तेच तर सोबत घेऊन हिंडतेय," बार्ब्रो म्हणाली. "नवऱ्यानंसुद्धा इतकी साथ दिली नव्हती."

ती गेली, आणि दुसऱ्या फेरीच्या आधीच परत आली. डाव्या टाचेच्या वरची, पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर नेहमीसारखी पेटली होती. डॉक्टर येर्कर होल्मलुंड चाळिशीचा, उंच, कानांवर पिकायला लागलेला. पण बार्ब्रोला तो अजून अकरा वर्षांचाच दिसायचा. ग्रानसेलेच्या जंगल-शर्यतींच्या क्लबात तिनंच त्याच्या हातात पहिला नकाशा दिला होता, आणि तिसऱ्याच रविवारी तो दलदलीपलीकडे हरवून लाकडाच्या ट्रकमधून परत आला होता. ही गोष्ट ती दर भेटीत काढायची. इथे डॉक्टरलाही तू आणि शिकवणाऱ्या बाईलाही तू, त्यामुळे चिडवायला दोघांनाही मोकळं रान.

ती टेबलावर पालथी झोपली. पाय काठाबाहेर लोंबत होते. येर्करनं टाचेवर गार जेली लावली, सोनोग्राफीचा दांडा फिरवला आणि पडदा तिच्याकडे वळवला. करड्या पट्ट्यांत लाल ठिपके लुकलुकत होते.

"हे बघ. निरोगी माणसाच्या इथे अंधार असतो. तुझ्याकडे नाताळ लागलाय."

"काय आहे ते?"

"नव्या फुटलेल्या रक्तवाहिन्या. आणि त्यांचं बोट धरून आलेल्या बारीक नसा. जास्त करून त्याच बोंबलतात, असं आमचं मत आहे. औषध शिरेच्या आत नाही टाकायचं, तिच्या पुढच्या अंगाला, या वाहिन्या जिथून आत शिरतात तिथे. थेंब-दोन थेंब. वाहिनी मिटली की हा दिवा विझतो."

"आणि दुखणं?"

"काहींचं जातं, काहींचं नाही जात. बहुतेकांना दोन-तीनदा यावं लागतं, मधे सहा-सात आठवडे सोडून."

"दुकान टाकू नकोस रे तू कधी. उपाशी मरशील."

"हलू नकोस. सुई आत येतेय."

"लहानपणी दगड चुकवायचास, आता शीर चुकवू नकोस," बार्ब्रो उशीत तोंड खुपसून म्हणाली. सुई टोचली, आत काहीतरी दाबल्यासारखं झालं, पडद्यावरचे ठिपके एकेक करून मावळले. पाच मिनिटांचं काम. येर्करनं पट्टी चिकटवली आणि तिला उभं राहायला सांगितलं. मग चवड्यांवर. मग एका, डाव्या, पायाच्या चवड्यावर.

काही झालं नाही. बार्ब्रोनं पुन्हा करून पाहिलं. टाच जणू दुसऱ्याच कोणाची होती, तरण्याताठ्या बाईची. तिला एकदम भरून आलं, म्हणून तिनं खिडकीबाहेर गाड्यांकडे पाहायचं सोंग केलं.

"आता नीट ऐक," येर्कर म्हणाला. "हे औषध मुळात भूल द्यायला निघालं होतं. जागा बधिर करणं हा त्याचा जुना धंदा आहे. तुला आत्ता जे वाटतंय ते बरं होणं नव्हे, नुसती बधिरता. तीन-चार तासांत उतरेल. आज, उद्या आणि परवा घरातल्या घरात चालायचं. जंगल नाही. धावणं तर दोन आठवडे नाही. कबूल?"

बार्ब्रोनं ओठ चंबू करून श्वास आत ओढला. शूप्! उत्तरेकडची माणसं 'हो' म्हणायला तोंड उघडायचेही कष्ट घेत नाहीत, असा एक श्वास ओढला की होकार झाला. आणि तो सही-शिक्क्याइतका पक्का मानतात. बार्ब्रोनं तो दिला. आणि दीड तासात मोडला.

उमेओच्या आसपासचे लोक हिवाळ्यात स्की घालतात, उन्हाळ्यात नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात धावतात, आणि मधल्या चिखलाच्या दिवसांत या दोन्हींमुळे दुखणाऱ्या टाचांबद्दल बोलतात. टाच दुखली की काय करायचं हे इथे शेंबड्या पोरालाही पाठ. पायरीच्या काठावर चवड्यांवर उभं राहायचं आणि टाच सावकाश खाली सोडायची, दिवसाला एकशे ऐंशी वेळा, बारा आठवडे. बार्ब्रोनं बारा आठवडे केलं, मग हट्टानं आणखी बारा. पायरीचा रंग उडाला, टाच जिथल्या तिथे. शेवटी तिनं येर्करचा नंबर फिरवला, आणि फिरवताना आपण हरलो असं तिला वाटलं होतं.

हरणं तिला जमायचंच नाही. चौसष्ट वर्षांची झाली, शाळेतली कवायत शिकवायची नोकरी संपली, मुलगा दक्षिणेला गेला, नवरा त्याच्याही आधी गेला, मेला नाही, नुसताच गेला. उरलं होतं ते क्लबातलं तिचं काम. नकाशावर लाल गोलांनी दाखवलेली ठाणी आणि जंगलात त्या-त्या जागी टांगलेली केशरी-पांढरी कापडं. ती क्रमानं शोधून जो आधी परत येतो तो जिंकला. ठाणी कुठे असावीत ते ठरवायची बार्ब्रो, आणि टांगायचीही बार्ब्रो. ठाणं जागेवर नसलं तर धावणाऱ्याला दोष देता येत नाही. शर्यत रद्द होते, आणि लावणाऱ्याचं नाव पुढची वीस वर्षं कॉफीबरोबर चघळलं जातं. शेजारच्या क्लबातल्या एका गृहस्थांनी एकदा ठाणं भलत्याच ओढ्यावर लावलं होतं. ते वारले, तेव्हा दफनानंतरच्या कॉफीलाही ओढ्याचा विषय निघालाच.

बार्ब्रोचं एकतीस वर्षांत एकही ठाणं चुकलं नव्हतं. लोक म्हणायचे, नकाशा आणि जंगल यांत फरक पडला तर जंगल चुकलं असेल, बार्ब्रो नाही. ती वरवर उडवून लावायची, पण रात्री अंथरुणात पडल्यावर हे वाक्य आठवून तिला बरं वाटायचं. दुसरं काही तिच्या नावावर नव्हतंच, निदान तिला तरी तसं वाटायचं.

आणि शनिवारी क्लबाची पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती. तीनशे माणसं धावणार होती.

सगळी ठाणी तिनं बुधवारपर्यंत लावून टाकली होती, लंगडत लंगडत, एक सोडून. सत्तेचाळीस नंबर. ते मुळात टेकडीच्या माथ्यावर होतं, पण सांबरासारख्या मोठ्या शिंगांच्या एल्गच्या शिकारीचा मोसम सुरू झालेला, आणि शिकाऱ्यांनी तिथे आपलं मचाण ठोकलं. मग नकाशा छापायच्या आदल्या दिवशी तिनं ते उताराच्या खालच्या एका मोठ्या दगडावर हलवलं, कागदावर. जागेवर ती अजून गेलीच नव्हती. खरं तर हे काम तिनं मायलिसवर सोपवायचं ठरवलं होतं. जीव तीळ तीळ तुटला, पण ठरवलं होतं. गुरुवारी इस्पितळातून परतताना मात्र जंगलाचा फाटा आला, गाडीत मागे कापड होतं, आणि टाच गप्प होती. तीन वर्षांत पहिल्यांदा गप्प. बार्ब्रोनं ब्लिंकर लावला.

"एकच तर आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "पाऊण तासात घरी."

पायवाट जिथे दुसऱ्या पायवाटेला मिळते तिथे ती उभी राहिली, होकायंत्र धरलं, नकाशावर अंतर पाहिलं. तीनशे मीटर, सरळ पूर्वेला. आता जंगलात अंतर मोजायचं ते पावलांनी, जोडपावलांनी: डावा पाय टेकला की एक. प्रत्येकाचा आपापला आकडा असतो आणि तो जन्मतारखेइतका पाठ असतो. निरोगी असताना बार्ब्रोचा आकडा शंभर मीटरला बासष्ट होता. लंगडायला लागल्यावर पाऊल आखूड झालं, तेव्हा तिनं क्लबाच्या मोजलेल्या रस्त्यावर पुन्हा मोजून घेतलं. चौऱ्याहत्तर. तीनशे मीटरला दोनशे बावीस. फोनमध्ये जागा बघणारी नवी पोरं तिला आवडायची नाहीत. ते म्हणजे दुसऱ्याला जेवायला बसवून आपण ढेकर देणं. मायलिसचंही तेच मत, आणि दोघींचं एकमत होतं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

ती निघाली. एक, दोन, तीन.

काय सांगावं त्या चालण्याचं! शेवाळ पायाखाली दबत होतं आणि उसळत होतं. लिंगोनची फळं लालभडक झाली होती, सप्टेंबरचं तिरपं ऊन बर्चच्या पिवळ्या पानांतून येत होतं. पाय जमिनीवर ठरत नव्हता. आडवी झाडं ती वळसा न घालता ओलांडत होती. पाणथळ पट्टा आला, तिथेही ती ढांगा टाकत गेली, आणि आकडा मोजता मोजता मध्येच मोठ्यानं हसली. एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस.

एकशे शहाऐंशीच्या सुमारास डाव्या हाताला तिला एक दगड दिसला. पुरुषभर उंच, उत्तरेकडून उभा कापल्यासारखा. नकाशावर असावा तसाच. तिची चाल जरा मंदावली. पण आकडा सांगत होता, अजून नाही. छत्तीस बाकी आहेत. बार्ब्रोच्या बाबतीत आकडा कधी चुकला होता? ती पुढे गेली. एक बारका उंचवटा, दाट कोवळे स्प्रूस, आणि बरोबर दोनशे बावीसला पुन्हा एक दगड, पुरुषभर उंच, उत्तरेकडून उभा. तिनं कापड टांगलं, धावणाऱ्यांनी कार्डाला भोक पाडायचा खटका तपासला, दोन पावलं मागे सरून पाहिलं. फक्कड.

परतीच्या वाटेवर अर्ध्यात टाच जागी झाली. आधी मुंग्या, मग गरम, मग शीर आतून पिळल्यासारखी. शेवटचे शंभर मीटर ती झाडं धरून आली. घरी पोचल्यावर पाय खुर्चीवर ठेवला, फ्रीजरमधली लिंगोनची पिशवी त्यावर दाबली आणि येर्करला दिलेला होकार आठवून स्वतःला दोन शिव्या हासडल्या. संध्याकाळी मायलिसचा फोन आला.

"सत्तेचाळीसचं काय? मी उद्या लावू का?"

"लावलंय मी. कालच," बार्ब्रो म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यानं जरा मोठ्यानंच म्हणाली.

मायलिस ल्योवग्रेन सहासष्टची, बुटकी, सावकाश. चाळीस वर्षं ग्रानसेलेत टपाल वाटलं, आणि तीच चाळीस वर्षं बाहेरच्या क्लबांच्या शर्यतींत बार्ब्रो पहिली आली की ही दुसरी. आता ती बार्ब्रोनं लावलेली ठाणी तपासायची. नियमच आहे तसा: एकीनं लावायचं, दुसरीनं जाऊन बघायचं. बार्ब्रोच्या लेखी तो निव्वळ उपचार होता. पाद्रीबुवा लग्नात 'कोणाची हरकत आहे का' विचारतात, त्यातलाच.

शुक्रवारी दुपारी मायलिस न सांगता स्वयंपाकघरात येऊन बसली. तिनं बूट दारात काढले होते, पण मोज्यांना काड्या चिकटल्या होत्या. कॉफी आली. मायलिसनं इकडच्या रिवाजाप्रमाणे कपात चीजचे तुकडे टाकले, ते मऊ व्हायची वाट पाहिली, एक खाल्ला. मग म्हणाली,

"सत्तेचाळीस चुकलंय."

"काय?"

"पुढच्या दगडावर लागलंय. साठेक मीटर पूर्वेला. नकाशावर दोन दगड आहेत ना, जुळ्यासारखे, त्यातला दुसरा."

"तू मोजायला चुकलीस."

"दोन्ही बाजूंनी मोजलं. पायवाटेकडून आणि पलीकडच्या पाटाकडून."

"मग दोन्ही बाजूंनी चुकलीस," बार्ब्रो म्हणाली. तिचे कान तापले. "मायलिस, मी आकडा मोजत गेले. एक इकडे ना तिकडे. दोनशे बावीस. अगं, एकतीस वर्षं लावतेय मी ठाणी, आणि तू मला दगड शिकवतेस?"

मायलिसनं दुसरा तुकडा चमच्यानं काढला. ती कधीच भांडायची नाही, हीच तिची सगळ्यात वाईट खोड. "तू स्वतः येऊन बघ की."

"मला बाहेर पडायची बंदी आहे. टाच बघ केवढी झालीय."

"बसून असलेल्या बाईची टाच इतकी सुजत नाही," मायलिस म्हणाली, पण अगदी हळू, जणू कॉफीलाच सांगावं. मग उठली. "ठाणं तुझं आहे. तुझ्या शब्दाशिवाय मी हात लावणार नाही. उद्या आठला पहिला धावणारा सुटेल. तोवर सांग."

ती गेली. बार्ब्रोनं कप धुतले, इतक्या जोरात की एकाचा कान तुटला. हिला चाळीस वर्षं मला एकदा तरी हरवायचं होतं, तिला वाटलं, आणि आता उतारवयात असा मोका साधतेय. मी हो म्हणायचं, ही ठाणं हलवणार, आणि तेच चुकलं तर? तीनशे माणसं. पंचाहत्तरावं वर्ष. आणि नाव कोणाचं? नकाशावर खाली छापलेलं होतं, ठाणी: बार्ब्रो सांदग्रेन.

संडासात जायला ती उठली. स्वयंपाकघरापासून मागच्या दारापर्यंत लांब बोळ होता, आणि जन्माची खोड, ती पावलं मोजत गेली. नऊ जोडपावलं. परत येताना तिला आठवलं की हा बोळ पूर्वी साडेसात पावलांचा होता. मुलगा लहान असताना दोघं मिळून मोजायची.

ती बोळाच्या मधोमध थांबली.

काल आपण लंगडत नव्हतो.

लंगडत नव्हतो, ढांगा टाकत होतो, तरण्या बाईसारख्या, आणि आकडा मात्र लंगड्या बाईचा मोजत होतो. तिनं फोनशेजारच्या वहीवर पेन्सिलीनं हिशेब केला. दोनशे बावीस भागिले बासष्ट. तीनशे अठ्ठावन्न मीटर. अठ्ठावन्न पुढे. आणि एकशे शहाऐंशीला दिसलेला तो दगड, ज्याच्याकडे आपण डोळ्यांनी पाहिलं आणि आकड्यासाठी सोडून दिलं, तोच खरा. निरोगी पायांची तीनशे मीटर नेमकी तिथेच पुरी होत होती.

बार्ब्रो खुर्चीत बसली. बाहेर ऊन होतं, शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. नुसतं ठाणं चुकलं असतं तर एक वेळ बोलता आलं असतं. पण मायलिसला हे सांगायचं म्हणजे जंगलात गेले होते हे सांगायचं, बुधवारी लावल्याची थाप सांगायची, डॉक्टरला दिलेला शब्द मोडला ते सांगायचं. आणि नाही सांगितलं तर? मायलिस गप्प बसेल. ती नेहमी गप्पच बसते. उद्या सकाळी कुठलं तरी पोर बरोबर दगडापाशी उभं राहून कापड शोधत रडेल, आणि त्याला वाटेल आपणच चुकलो. येर्कर रडला होता तसं. त्या विचारानं मात्र तिला बसवेना. तिनं फोन उचलला.

"हलव ते," ती म्हणाली. "तुझं बरोबर आहे. मी काल गेले होते, इंजेक्शननंतर. टाच बधिर होती, पाऊल लांब पडलं आणि मी चौऱ्याहत्तरचाच हिशेब धरला. बुधवार वगैरे सगळं खोटं."

पलीकडून श्वास आत ओढल्याचा आवाज आला. हो, माहीत आहे.

"माहीत होतं तुला?"

"पाणथळीत तुझे ठसे होते. लांब लांब. मी म्हटलं, हे बार्ब्रोचे बूट आहेत, पण चाल दहा वर्षांपूर्वीची आहे. मी कसल्या खुशीत बघत उभी होते त्या ठशांकडे! मग लक्षात आलं, ही आता चुकणार."

बार्ब्रोला हसायला आलं आणि रडायलाही. "एकतीस वर्षांत पहिलं," ती म्हणाली. "लिहून ठेव तारीख."

पलीकडे मायलिसचा चमचा कपात फिरत राहिला.

"काय गं?"

"पहिलं नाही, बार्ब्रो."

"म्हणजे?"

"तीन वर्षांपूर्वीचा शरद. तू नुकती लंगडायला लागली होतीस आणि कबूल करत नव्हतीस. पाऊल आखूड झालं होतं, पण आकडा जुनाच चालवत होतीस, बासष्टचा. चार ठाणी अलीकडे पडली. मी तपासायला गेले तेव्हा हलवली. दोन पहिल्या शर्यतीत, दोन पुढच्या. मग तू पुन्हा मोजून घेतलंस, चौऱ्याहत्तर केलंस, आणि सगळं बरोबर यायला लागलं."

"चार."

"चार."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू माझ्याशी वर्षभर बोलली नसतीस."

"दोन वर्षं," बार्ब्रो म्हणाली आणि फोन ठेवला.

राग आला, खूप आला. तीन वर्षं ही बया समोर बसून कॉफी पितेय, लोक 'जंगल चुकलं असेल' म्हणतात तेव्हा मान डोलावतेय, आणि पोटात चार दगड घेऊन बसलीय! दया केली माझ्यावर. टपाल वाटणाऱ्या बाईनं. पण रागाच्या खाली काहीतरी वेगळं होतं, आणि टाचेवरून पिशवी काढून परत ठेवताना बार्ब्रोला ते कळत गेलं. त्या चार ठाण्यांपाशी मायलिस एकटी गेली असणार, पावसात, कारण तो शरद ओला होता. कापड सोडवून, मोजून, पुन्हा बांधून परत आली असणार. आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या रेषेपाशी नेहमीसारखे पाव वाटले असणार. ज्या ठाण्यांवर बार्ब्रो शाबासकी घेत होती ती ठाणी हिनं हलवलेली. मला एकटीलाच सगळं जमतं, असं मी एकतीस वर्षं समजत होते, बार्ब्रोनं स्वतःला सांगितलं. हे बोलणं टाचेपेक्षा जास्त दुखलं.

शनिवारी ती शेवटच्या रेषेपाशी घडीच्या खुर्चीवर बसली होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर. तीनशे माणसं आली, चिखलानं माखलेली, आनंदी. सत्तेचाळीसबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही; जागेवरच्या ठाण्याबद्दल कोणी काय बोलणार? मायलिस कॉफीच्या टेबलामागे वेलदोड्याचे पाव वाटत होती आणि बार्ब्रोकडे बघत नव्हती. बक्षिसांच्या वेळी क्लबाचे अध्यक्ष भोंगा घेऊन उभे राहिले, आणि व्हायचं तेच झालं. एकतीस वर्षं, एकही चूक नाही, जंगल चुकेल पण आमची बार्ब्रो नाही. टाळ्या. भोंगा तिच्या हातात आला.

"सत्तेचाळीस चुकलं होतं," बार्ब्रो भोंग्यात म्हणाली.

हसू उसळलं. लोकांना वाटलं गंमत करतेय.

"हसताय काय? मी अठ्ठावन्न मीटर पुढे लावलं होतं. काल मायलिसनं हलवलं. आणि तीन वर्षांपूर्वी आणखी चार. तीही तिनंच हलवली, आणि मला आत्ता कळलं." ती थांबली. भोंगा शिट्टी मारायला लागला होता. "पुढच्या नकाशावर दोन नावं छापा. एवढंच."

कोणी टाळी वाजवली नाही, काय करावं ते कळलंच नसावं. पावाचा ट्रे हातात धरून मायलिस तशीच उभी होती, आणि तिचं नाक लाल झालं होतं. मागे उभा असलेला येर्कर, जो स्वतः बाविसावा आला होता, तेवढा एकटा ओरडला, "पुढे लावायला ती जंगलात गेलीच कशी? कोणत्या दिवशी?"

"तू गप रे, हरवलेल्या!" बार्ब्रो भोंग्यातूनच म्हणाली, आणि मग मात्र सगळे मोकळेपणानं हसले.

सहा आठवड्यांनी दुसरं इंजेक्शन झालं. येर्करनं पडदा दाखवला. ठिपके निम्म्यावर आले होते. दुखणंही निम्म्यावर, असं बार्ब्रो म्हणाली, मग विचार करून म्हणाली, निम्म्याहून जरा जास्त उरलंय. या वेळी तिनं श्वास ओढून होकार दिला आणि तीन दिवस घरातच बसली. ती खरंच बसलीय का ते बघायला मायलिस रोज येऊन जायची.

दोन आठवड्यांनी, नोव्हेंबरात, बर्फ नुकता भुरभुरला होता, तेव्हा दोघी क्लबाच्या मोजलेल्या रस्त्यावर गेल्या. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत बरोबर शंभर मीटर. नवा आकडा काढायचा होता. बार्ब्रो चालली, मायलिस खांबाशी थांबली.

"त्रेसष्ट!" बार्ब्रो पलीकडून ओरडली. "ऐकलंस? त्रेसष्ट! जवळजवळ पहिल्यासारखं."

"छान," मायलिस चालत येऊन म्हणाली. "आता परत जाऊ. ते शिकारी पुढच्या वर्षी मचाण कुठे ठोकणार म्हणे?"

"विचारूच नकोस! काल तो लांब मिशांचा भेटला दुकानात. मला म्हणतो, जंगल काय तुमच्या क्लबाचं आहे का? मी म्हटलं, बाबा रे, एल्ग तरी तुझा आहे का? तू नऊ वर्षांत एक मारलास, तोही शेजाऱ्याच्या पट्ट्यात. तर म्हणतो कसा..." बार्ब्रो हातवारे करत, थांबत, पुन्हा चालत सांगत राहिली, आणि मायलिस एक पाऊल मागून मान खाली घालून ऐकत राहिली. पहिल्या खांबाशी पोचल्यावर मायलिस म्हणाली,

"एकोणसत्तर."

"काय एकोणसत्तर?"

"तुझी जोडपावलं. मघाशी तू मोजत होतीस, म्हणून मुद्दाम लांब टाकत होतीस. आत्ता चाललीस ती तुझी चाल."

बार्ब्रोनं मागे वळून पाहिलं. पातळ बर्फावर तिच्या पावलांच्या दोन रांगा होत्या, एक जातानाची, एक येतानाची. जातानाची लांब होती. येतानाची आखूड, डाव्या पायाला किंचित बाहेर वळलेली, चौसष्ट वर्षांच्या बाईची. आणि तिच्या बाजूनं मायलिसची.

मग तिनं ओठ चंबू करून श्वास आत ओढला, खिशातून वही काढली आणि त्रेसष्ट खोडून एकोणसत्तर लिहिलं.